तारीख एक दिवस मागे, वेळ साडेपाच तास इकडेतिकडे: चूक नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं

लक्षण तुमच्या ओळखीचं असेल. रजेच्या अर्जात कर्मचाऱ्याने गणेश चतुर्थीची, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ ही तारीख निवडली. अर्ज गेला. मॅनेजरच्या यादीत मात्र रजा २६ तारखेची. तिकीट येतं, कोणीतरी सर्व्हरवर साडेपाच तास मिळवतो (भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या तेवढीच पुढे आहे), तारीख बरोबर दिसायला लागते, तिकीट बंद होतं. काही आठवड्यांनी दुसऱ्याच स्क्रीनवरून तक्रार येते की संध्याकाळी साडेसहानंतरच्या नोंदी उद्याच्या तारखेत दिसतात. मग तिथे कोणीतरी साडेपाच तास वजा करतो. अशा प्रोजेक्टमध्ये कुठल्या कॉलममध्ये कुठली वेळ आहे हे छातीठोकपणे सांगणारा माणूस हळूहळू उरतच नाही.

माझं याबाबतचं मत पक्कं आहे: साडेपाच तास हाताने मिळवणं किंवा वजा करणं हा उपाय नव्हे. त्याने मूळची चूक झाकली जाते आणि तिच्यावर दुसरी चूक बसते. तुमच्या कोडबेसमध्ये ३३०, १९८०० आणि ५.५ हे आकडे शोधून पाहा. पहिला मिनिटांचा, दुसरा सेकंदांचा, तिसरा तासांचा. वेळेच्या संदर्भात यातला एखादा सापडला तर तिथे काहीतरी दडपलेलं आहे असं समजून चला.

या बगची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. वेळ कितीने चुकली आहे यावरूनच चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे बहुतेकदा कळतं. म्हणून आधी फरक मोजायचा आणि मग कोड उघडायचा.

फरक कसा मोजायचा

चुकलेली एकच नोंद घ्या आणि तिची वेळ तीन ठिकाणी काय आहे ते लिहून काढा: डेटाबेसमध्ये, एपीआयच्या, म्हणजे सर्व्हरकडून येणाऱ्या, कच्च्या उत्तरात आणि स्क्रीनवर. कच्चं उत्तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधूनच घ्या. कन्सोलवर डेट ऑब्जेक्ट छापून पाहिलं तर कधी स्थानिक टाइमझोन लावून दिसतं, कधी यूटीसीत, आणि त्यावरून निष्कर्ष काढणारा हमखास फसतो. डेटाबेस पाहायच्या टूलवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जावावर चालणारी बरीच टूल्स तुमच्या लॅपटॉपचा झोन लावून वेळ दाखवतात. खात्री हवी असेल तर क्वेरीतच त्या वेळेचे इपॉक सेकंद काढा, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून गेलेले सेकंद. त्या आकड्याला झोन नसतो, त्यामुळे मधल्या कुठल्याही टूलला त्याच्यात ढवळाढवळ करता येत नाही. वरच्या रजेचा आकडा १७५६२३३००० येतो आणि तो २६ ऑगस्ट २०२५, १८:३० यूटीसी हाच क्षण सांगतो.

आता फरकाकडे पाहा.

बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर कुठेतरी एक रूपांतर राहून गेलं आहे किंवा एक जास्तीचं झालं आहे. पायथॉनमध्ये याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे यूटीसी-नाऊ. हे फंक्शन वेळ यूटीसीची देतं, पण तिच्यावर झोनची खूण लावत नाही. पुढे कोणी तिच्यावर टाइमस्टॅम्प मागवला की पायथॉन ती स्थानिक वेळ धरतं. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर उत्तर बरोबर येतं, भारतीय लॅपटॉपवर १९८०० सेकंदांनी चुकतं. ३.१२ या आवृत्तीपासून हे फंक्शन वापरू नका असा इशारा पायथॉन स्वतःच देतं. त्याऐवजी नाऊ ला यूटीसी झोन द्यायचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकाच ओळीतले दोन कॉलम साडेपाच तासांनी वेगळे दिसत असतील तर त्यांचे टाइप पाहा. टाइमस्टॅम्प टाइप कनेक्शनच्या झोनमधून यूटीसीत आणि परत असं रूपांतर करतो, डेटटाइम टाइप जे दिलं ते जसंच्या तसं ठेवतो.

अकरा तासांचा फरक म्हणजे साडेपाचच्या दुप्पट. एकतर रूपांतर दोनदा झालं आहे किंवा उलट्या दिशेने झालं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे फार सहज होतं. कॉलम झोन नसलेल्या टाइमस्टॅम्प प्रकारचा आहे, आत वेळ यूटीसीची आहे आणि कोणीतरी त्यावर ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता लावतो. वाचताना वाटतं की ही वेळ भारतात दाखव असं सांगितलं आहे. पोस्टग्रेस मात्र ते असं वाचतं: ही वेळ भारतातली आहे, तिचा क्षण काढ. त्यामुळे साडेपाच तास मिळवायच्या ऐवजी वजा होतात. अशा कॉलमवर आधी ॲट टाइम झोन यूटीसी आणि मग ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता, असं दोनदा लावावं लागतं. झोनसह असलेला टाइमस्टॅम्प कॉलम असेल तर एकदाच पुरतं. नवीन टेबल करताना झोनसह असलेलाच प्रकार घ्या. जागा दोघांनाही ८ बाइट्सच लागते, आणि झोन नसलेल्या प्रकारात +०५:३० लिहून वेळ दिली तर पोस्टग्रेस तो ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, चक्क गाळून टाकतं, एररसुद्धा देत नाही.

साडेतीन तासांचा फरक दिसला तर आयएसटी हे संक्षिप्त नाव कुठे वापरलं आहे ते शोधा. आपल्याला आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, पण इस्रायल आणि आयर्लंडही हीच तीन अक्षरं वापरतात. सर्व्हरचा झोन यूटीसी असेल आणि सेटिंग मूळचीच असतील तर पोस्टग्रेस आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ असा लावतं, म्हणजे यूटीसीच्या दोन तास पुढे. जावाचा जुना टाइमझोन क्लास तीच अक्षरं भारताची समजतो. म्हणजे एकाच सिस्टीमचे दोन भाग एकाच मजकुराचे दोन अर्थ लावतात. संक्षिप्त नावं साठवूही नका आणि वाचूही नका. पूर्ण नाव किंवा आकड्यातला ऑफसेट वापरा.

तेवीस मिनिटांचा फरक दिसला की बरेच जण गोंधळतात, पण सगळ्यात नेमकी खूण हीच आहे. पायथॉनची पायटीझेड लायब्ररी वापरून झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोत दिला की ऑफसेट ५:३० ऐवजी ५:५३ येतो. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे जगभरच्या झोनच्या नियमांच्या सामायिक यादीत, कोलकात्याची सगळ्यात जुनी नोंद ही प्रमाणवेळ येण्याच्या आधीची, सूर्यावर चालणारी स्थानिक वेळ आहे. पायटीझेडला तारीख कळायच्या आधीच झोन मागितला तर ती तीच पहिली नोंद उचलते. लोकलाइझ हे तिचं फंक्शन वापरा, किंवा पायथॉन ३.९ पासून भाषेतच आलेल्या झोनइन्फोकडे वळा. जाता जाता: मुंबईचीही स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. पण टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये एशिया/मुंबई असा झोन नाही, सगळ्या भारतासाठी एशिया/कोलकाता हे एकच नाव आहे.

१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असं दिसलं तर वेळ चुकलेली नाही, वेळ आलेलीच नाही. रिकाम्या किंवा शून्य किमतीची तारीख करून दाखवली आहे. जानेवारी १९७० मधलीच पण वीस-एकवीस तारीख दिसली तर सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलं आहे. वरचा १७५६२३३००० हा आकडा जावास्क्रिप्टला तसाच दिला तर भारतात २१ जानेवारी १९७०, दुपारी १:२० असं येतं. उलट मिलिसेकंदांना सेकंद समजलं तर सन ५७ हजारांच्या पुढे जातं, पायथॉन तर वर्ष आवाक्याबाहेर असल्याची एरर देऊन थांबतं. आजच्या काळातल्या सेकंदांना १० अंक असतात, मिलिसेकंदांना १३. एपीआयच्या फील्डच्या नावातच एकक लिहिलं तर हा प्रश्न मुळातच मिटतो.

रजेची तारीख नक्की कशी घसरली

आता मूळ तक्रारीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वेळा समोर येणारी तीच आहे. डेट पिकरमधून २७ ऑगस्ट निवडल्यावर जावास्क्रिप्टला एक डेट ऑब्जेक्ट मिळतं, पण ते तारीख धरत नाही, क्षण धरतं. पिकर त्यात २७ ऑगस्टची भारतातली मध्यरात्र भरतो. मग हे ऑब्जेक्ट जेसनमध्ये, म्हणजे सर्व्हरकडे पाठवायच्या मजकुरात, जाताना टू-आयएसओ-स्ट्रिंग चालतं, ते नेहमी यूटीसीत लिहितं, आणि सर्व्हरकडे जातं ते असं:

२०२५-०८-२६टी१८:३०:००.०००झेड

यात काहीही चुकलेलं नाही. भारतात २७ तारखेची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत २६ तारखेचे १८:३० च वाजलेले असतात. सर्व्हर यूटीसीवर चालतो, तो यातला तारखेचा भाग तेवढा काढतो, आणि तो २६ असतो. लॉगमध्ये १८:३०:०० दिसलं की समजायचं, कुणीतरी नुसती तारीख क्षण म्हणून पाठवली आहे.

याची उलटी बाजूही आहे आणि ती जास्त लपून राहते. सर्व्हर २०२५-०८-२७ अशी नुसती तारीख पाठवतो आणि फ्रंटएंड ती न्यू डेट ला देतं. जावास्क्रिप्ट अशी नुसती तारीख यूटीसीतली मध्यरात्र धरते. त्याच मजकुरापुढे टी००:००:०० जोडलं तर मात्र स्थानिक मध्यरात्र धरते. हा भेद भाषेच्या नियमातच आहे. भारतात पहिल्या प्रकाराने २७ तारखेचे पहाटे साडेपाच येतात, तारीख बरोबर दिसते, टेस्टिंग पास होतं. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला तेच २६ ऑगस्ट, रात्री आठ असं दिसतं. पुण्यात बसून हा बग सापडणारच नाही, ग्राहकाकडूनच येणार.

उपाय एकच: जी गोष्ट तारीख आहे तिला शेवटपर्यंत तारीखच राहू द्या. रजेचा दिवस, जन्मतारीख, बिलाची मुदत, परीक्षेचा दिवस यांना वेळ नसते आणि झोनही नसतो. फ्रंटएंडवर गेट-फुल-इयर, गेट-मंथ अधिक एक आणि गेट-डेट यांच्यापासून वर्ष-महिना-दिवस असा मजकूर बनवा आणि तोच पाठवा. टू-आयएसओ-स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापून घेण्याची युक्ती सगळीकडे दिसते, तिच्या नादी लागू नका. भारतात पहाटे साडेपाचच्या आधीच्या कुठल्याही वेळेला ती कालची तारीख देते, आणि पिकरची वेळ तर मध्यरात्रीचीच असते. सर्व्हरवर जावा असेल तर लोकलडेट घ्या. जुन्या युटिल-डेटवर जॅक्सन या जेसन लायब्ररीचा जेसन-फॉरमॅट लावला आणि झोन दिला नाही तर जॅक्सन यूटीसी धरतं, आणि तारीख परत एक दिवस मागे. डेटाबेसमध्ये कॉलम डेट प्रकारचा ठेवा.

आधीच बिघडलेला डेटा दुरुस्त करताना घाई करू नका. सगळ्या ओळींना सरसकट साडेपाच तास मिळवणारी अपडेट क्वेरी चालवली तर ज्या ओळी बरोबर होत्या किंवा वेगळ्या प्रकारे चुकल्या होत्या त्या कायमच्या हातातून जातात. बॅकअप घ्या आणि आधी कॉलममधल्या वेळेच्या भागावर ग्रुप लावून मोजणी करा. चित्र लगेच स्पष्ट होतं. १८:३० च्या ओळी भारतातल्या ब्राउझरमधून आल्या. २०:०० च्या बहुधा दुबईतून, तिथली मध्यरात्र यूटीसीत तेव्हा असते. उन्हाळ्यातल्या ०४:०० च्या ओळी न्यूयॉर्कच्या बाजूच्या, त्यांची तारीख बरोबरच आहे. ००:०० च्या ओळी एकतर नुसत्या तारखेतून आल्या आहेत किंवा कोणीतरी साडेपाच तास मिळवणारा पॅच टाकल्यानंतरच्या आहेत. तो पॅच कधी गेला हे गिटच्या इतिहासातून काढा. प्रत्येक गटाला वेगळी क्वेरी लागते आणि जो गट ओळखता येत नाही त्याला हात लावायचा नाही, ती यादी संबंधित विभागाकडे पडताळणीला द्यायची.

आजोबांची जन्मतारीख

पेन्शन, विमा किंवा रुग्णालयाच्या सिस्टीमवर काम करणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. टाइमझोनच्या डेटाबेसप्रमाणे १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात एशिया/कोलकाताचा ऑफसेट ५:३० नाही, ६:३० आहे. समजा जन्मतारीख १० जून १९४४ आहे आणि ती क्षण म्हणून साठवली. मध्यरात्र यूटीसीत ९ जून, १७:३० अशी जाते. परत वाचताना पूर्ण झोन वापरला तर १० जून मिळते. पण वाचणारा कोड ठरावीक साडेपाच तास मिळवत असेल तर ९ जून, रात्री ११ वाजले असं येतं आणि तारीख घसरते. वयाची ऐंशी ओलांडलेल्या काही जणांच्याच जन्मतारखा चुकतात, बाकी हजारो ओळी बरोबर असतात, आणि टेस्ट डेटात असं वय कोणी घेत नाही. हयातीच्या दाखल्यावर किंवा क्लेमवर तारीख जुळत नाही म्हणून त्या वयाच्या माणसाला खेटे घालावे लागतात. कॉलम डेट प्रकारचा केला की हा प्रश्नच संपतो.

अहवालाचा दिवस कुठे सुरू होतो

रोजच्या विक्रीचा अहवाल आणि दुकानाचा गल्ला जुळत नसेल तर ग्रुपिंग यूटीसीच्या तारखेवर होतं आहे का ते पाहा. भारतातले रात्री बारा ते पहाटे साडेपाच मधले व्यवहार तसं केल्यावर आदल्या दिवसात पडतात. एरवी फरक छोटा वाटतो, पण १ एप्रिल २०२५ ला पहाटे दोन वाजता झालेलं बिल यूटीसीत ३१ मार्चचं असतं, म्हणजे ते मागच्या आर्थिक वर्षात जातं.

क्वेरीच्या व्हेअर भागात कॉलमवरच रूपांतराचं फंक्शन लावलं तर उत्तर बरोबर येतं, पण त्या कॉलमचा साधा इंडेक्स वापरला जात नाही. त्यापेक्षा भारतातल्या दिवसाची सुरुवात आणि शेवट कोडमध्ये झोनच्या नावावरून काढा आणि त्या दोन किमती क्वेरीला द्या. १ एप्रिलसाठी ३१ मार्च १८:३० यूटीसी किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिल १८:३० च्या आधी. शेवट २३:५९:५९ ने लिहू नका, शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकातले व्यवहार सुटतात. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट-टीझेड झोनच्या नावाने चालवल्यावर नल येत असेल तर सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत. ती भरून घ्या.

नावं आणि चिन्हं

दोन छोटे खड्डे. क्रोम ब्राउझरकडे झोन विचारला तर तो एशिया/कलकत्ता असं जुनं नाव देतो. दोन्ही नावं एकाच झोनची आहेत, पण तुमच्या ड्रॉपडाउनमध्ये किंवा तपासणीत फक्त एशिया/कोलकाता असेल तर भारतातल्या वापरकर्त्याचा झोन अवैध ठरतो. नावांची तुलना करण्याआधी टोपणनावं एकत्र करा.

दुसरं, चिन्ह. पोस्टग्रेसला झोन म्हणून यूटीसी+५:३० असा मजकूर दिला तर तो पॉझिक्स या युनिक्स मानकाच्या रीतीने वाचला जातो आणि त्या रीतीत अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. वेळ साडेपाच तास मागे जाते. जावास्क्रिप्टचं गेट-टाइमझोन-ऑफसेटसुद्धा भारतात ३३० नाही, उणे ३३० देतं.

पुढच्या तारखेच्या मीटिंगा

सगळं यूटीसीत साठवा हा सल्ला घडून गेलेल्या गोष्टींसाठी उत्तम आहे. लॉग, पेमेंट, लॉगिन यांना तो लागू पडतो. पुढे होणाऱ्या आणि घड्याळाला बांधलेल्या गोष्टींसाठी तो चुकीचा आहे. न्यूयॉर्कच्या टीमबरोबर दर सोमवारी तिकडच्या सकाळी दहाची मीटिंग आहे. उन्हाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते. २ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली आणि तीच मीटिंग रात्री साडेआठवर आली. पुढचे सगळे सोमवार १४:०० यूटीसी म्हणून साठवले असतील तर त्या दिवसानंतर तिकडच्यांना नऊची सूचना जाते. तासभराच्या फरकाचं हे मूळ. इथे स्थानिक वेळ आणि अमेरिका/न्यूयॉर्क हे झोनचं नाव साठवायचं, आणि क्षण प्रत्येक वेळी नव्याने काढायचा. नुसता ऑफसेट साठवून भागत नाही, कारण ऑफसेट ऋतूप्रमाणे बदलतो.

परत येऊ नये म्हणून

टीम भारतात, लॅपटॉप भारतीय वेळेवर, आणि सीआय, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा, यूटीसीवर. त्यामुळे टेस्ट एकीकडे पास आणि दुसरीकडे फेल होतात, आणि मग कोणीतरी सीआयवर भारतीय झोन लावून टाकतो. तसं केलं की इशारा देणारी एकमेव जागा बंद होते. उलट टेस्ट मुद्दाम वेगवेगळ्या झोनमध्ये चालवा. टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एकदा अमेरिका/लॉस एंजेलिस आणि एकदा पॅसिफिक/किरिटिमाटी द्या. किरिटिमाटी यूटीसीच्या १४ तास पुढे आहे, तिथे तारखेची चूक लपत नाही. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये टीझेडडेटा हे झोनच्या नियमांचं पॅकेज मुळात नसतं. ते न घालता झोनचं नाव दिलं तर काहीही न सांगता यूटीसीच चालू राहतं आणि टेस्ट झोनमध्ये चालल्याचा भास होतो. पॅकेज घालून आणि कंटेनरमध्ये डेट कमांड चालवून एकदा खात्री करा.

शेड्यूल केलेली कामंही याच वेळी पाहून घ्या. यूटीसीवरच्या सर्व्हरवर रात्री बारासाठी लावलेला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालतो, आणि दिवस बंद करणारं काम तोपर्यंत अडून राहतं. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये १.२७ या आवृत्तीपासून टाइमझोन हे फील्ड स्थिर झालं आहे, त्यात एशिया/कोलकाता स्पष्ट लिहा. शेड्यूलमध्ये १८:३० लिहून वर कमेंट टाकण्यापेक्षा ते बरं, कारण फाइल वाचणाऱ्याला मनात बेरीज करावी लागत नाही.